दादा जिवंत आहे, पण त्याचं नाव आता वेगळं आहे

पत्र

ताई, नमस्कार. तेवीस वर्षांनी मी माझ्या दादाला पाहिलं, फोटोत. तो गेला तेव्हा मी १९ ची होते आणि तो २६ चा. एका सकाळी त्याची गाडी नदीच्या पुलावर सापडली, पाकीट आणि घड्याळ डिकीत, तो कुठेच नाही. चार दिवस नदीत शोधलं, काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी बाबा म्हणाले आता पुरे, कोणी शोधायचं नाही, आणि त्यानंतर घरात हा विषयच बंद झाला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई ७६ ची आहे, अजून रात्री दार वाजलं की सगळ्यांच्या आधी ती उठते. मागच्या महिन्यात पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपचे फोटो चाळत होते, तर मागच्या रांगेत दादा. केस पिकलेत, अंगाने भरलाय, पण एका हाताने दुसरं कोपर धरून उभं राहायची लकब तीच, भुवईवरचा व्रण तोच. नाव आडनाव दोन्ही वेगळं, फक्त नावाचं पहिलं अक्षर तेच. शेजारी बायको आणि दोन मुली. मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला सांगू का? सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहू का? आणि माणूस असं करू कसं शकतो?
— धाकटी

उत्तर

धाकटे, आधी एकच, त्या फोटोला लाइक, कमेंट, त्या नावाला फ्रेंड रिक्वेस्ट, असलं काही केलं नसशील तर करू नकोस, आणि केलं असशील तर गुपचूप काढून टाक. फोटोचा स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव. बाकी सगळं त्यानंतर.

मला तुझं पत्र वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, कारण माझा थोरला मामा असाच गेला. पुलावर गाडी वगैरे काही नाही, कामाला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. आज्जीने एकतीस वर्षं वाट पाहिली, घर बदलायचं म्हटलं की ती ठाम नाही म्हणायची, तो आला तर कुठे शोधेल म्हणून. मामाचा पत्ता कधीच लागला नाही. त्यामुळे तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच गाडीने निघाले असते, हे मी तुला प्रामाणिकपणे सांगते, आणि तरीही तुला थांब म्हणतेय.

पॉलीन बॉस नावाच्या एका अमेरिकन अभ्यासक बाईंनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं, आणि या दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं, अनिश्चित वियोग म्हणूया आपण. माणूस मेलाय असं म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही, त्यामुळे रडून मोकळं होता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले पण पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही, आणि त्या वाट पाहण्याच्या फटीतूनच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. लोकांना भाऊ परत यायला हवे होते, म्हणून कितीतरी जणांना तो खरा वाटला. १७७६ ला त्याला देहदंड झाला.

तोतयाची गोष्ट मी मुद्दाम काढली. तू म्हणतेस तो दादाच आहे, असेलही, पण तुला तो हवा आहे ना, म्हणून तुझ्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नकोस. इंग्लंडमधल्या टिचबोर्न घराण्याचा वारस रॉजर १८५४ मध्ये जहाज बुडून गेला. आईने मानलंच नाही, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा गावातून एक खाटीक पुढे आला, मीच रॉजर म्हणाला. रॉजरचं लहानपण फ्रान्समध्ये गेलेलं आणि या माणसाला फ्रेंच येत नव्हतं, अंगाने तर अजिबात सारखा नव्हता, तरी १८६७ मध्ये पॅरिसला त्याला भेटल्यावर त्या आईने हाच माझा मुलगा म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी ती वारली. १८७४ मध्ये कोर्टाने त्या माणसाला खोटी साक्ष दिल्याबद्दल १४ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा फोटो आईला दाखवून 'बघ गं हा दादाच ना' असं विचारायचं नाही. ती हो म्हणणार. तो दादा नसला तरी हो म्हणणार.

आता तू विचारलंस, माणूस असं करू कसं शकतो. याचे दोन अर्थ होतात, जमतं कसं आणि मनाला कसं चालतं, दोन्ही सांगते.

जमतं कसं ते कमी अवघड आहे. सिनेमात दाखवतात तसे खोटे पासपोर्ट बहुतेकांना लागतच नाहीत. माणूस दुसऱ्या शहरात जातो, जुना नंबर टाकून देतो, रोजंदारीचं किंवा कोणी कागद मागणार नाही असं काम धरतो, विचारलं की टोपणनाव सांगतो, आणि दोन चार वर्षांत आजूबाजूच्या सगळ्यांसाठी तेच त्याचं नाव होतं. आपल्या ओळखीचा बराचसा भाग कागदावर नसतोच, लोक आपल्याला ज्या नावाने हाक मारतात त्यात असतो. पूर्वी कागद मिळवणंही सोपं होतं कारण जन्माची नोंद एका रजिस्टरात आणि मृत्यूची दुसऱ्या, दोन्ही कोणी जुळवून बघत नसे. ब्रिटिश खासदार जॉन स्टोनहाउसने हेच केलं, स्वतःच्या मतदारसंघातल्या वारलेल्या दोन माणसांच्या नावांनी कागद जमवले आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर कपडे काढून ठेवून नाहीसा झाला. सगळ्यांना वाटलं बुडाला. महिन्याभराने, २४ डिसेंबरला, मेलबर्नला सापडला. तेव्हा लंडनहून लॉर्ड लुकन नावाचा दुसरा एक माणूस खुनाच्या संशयावरून फरार होता, पोलिसांना वाटलं हा तोच, म्हणून लुकनच्या पायावर होता तसा व्रण शोधायला त्यांनी याचा पाय तपासला. तू भुवईवरचा व्रण लिहिलास तेव्हा मला हेच आठवलं. आता रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आहेत, बोटांचे ठसे आहेत, चेहरा ओळखणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे आज गायब होणं तेवीस वर्षांपूर्वीपेक्षा खूप कठीण आहे. तुझा दादा जुन्या दिवसांत गेला आणि नव्या दिवसांत सापडला, तोही दुसऱ्या कोणी टाकलेल्या ग्रुप फोटोमुळे.

आणि त्याला पकडून दिलं ते कशाने बघ, पक्ष्यांनी. माणसं नाव टाकतात, पण आवड आणि सवय टाकता येत नाही. अमेरिकेत सरकार स्वतः साक्षीदारांना नवी नावं देऊन लपवतं, १९७१ पासून १९,००० हून जास्त माणसांना अशी नवी आयुष्यं दिलीत, आणि तिथेसुद्धा पहिलं नाव किंवा आद्याक्षर तेच ठेवा म्हणून सल्ला देतात, कारण मागून कोणी जुन्या नावाने हाक मारली तर मान वळतेच आणि सही करताना हात जुन्या अक्षराकडेच जातो. तुझ्या दादाचं पहिलं अक्षर तेच राहिलंय यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. जॉन लिस्ट म्हणून एक माणूस होता, त्याने १९७१ मध्ये आई, बायको आणि तिन्ही मुलांचा खून केला आणि गायब झाला, पुढे जवळजवळ अठरा वर्षं बॉब क्लार्क म्हणून जगला. पण नव्या नावानेही तो अकाउंटंटच राहिला, त्याच ल्युथरन पंथाच्या चर्चमध्ये जात राहिला. टीव्हीवर त्याचा म्हातारपणीचा अंदाजाने बनवलेला मातीचा पुतळा दाखवला, १९८९ मध्ये तो सापडला. तुझ्या दादाची आणि त्या खुन्याची तुलना मी करत नाहीये, कृपा करून तसं वाचू नकोस. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय, लिस्टच्या दुसऱ्या बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं. दादाच्या शेजारी उभी असलेली ती बाई, तिलाही कदाचित माहीत नसेल. तू दारात जाऊन उभी राहिलीस तर तिचं घर तुझ्या हातून मोडेल आणि तिने तुझं काहीच वाईट केलेलं नाही.

मनाला कसं चालतं हा खरा प्रश्न. स्टोनहाउसने १९७५ मध्ये पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलं की माझ्या आत एक दुसरं समांतर व्यक्तिमत्त्व तयार झालं होतं आणि त्याला माझ्या आधीच्या सार्वजनिक आयुष्यातल्या ढोंगाचा तिरस्कार वाटायचा. लोकांना ते नाटक वाटलं, पुढे फसवणुकीसाठी त्याला सात वर्षांची शिक्षाही झाली, आणि तो लबाड होताच. पण ते वाक्य मला खोटं वाटत नाही. जाणारे बरेच लोक घरच्यांपासून पळत नसतात, घरच्यांच्या डोळ्यांत जो माणूस दिसतो त्याच्यापासून पळत असतात, नापास झालेला, कर्जात बुडालेला, सगळ्यांच्या अपेक्षांखाली दबलेला. जपानमध्ये अशा लोकांना एक शब्दच आहे, जोहात्सु, म्हणजे वाफ होऊन गेलेले. नोकरी गेली, कर्ज झालं, परीक्षा हुकली, लग्न मोडलं, की तोंड दाखवायची लाज वाटून माणसं रातोरात निघून जातात, आणि रात्रीत सामान हलवून देणाऱ्या कंपन्यासुद्धा तिथे आहेत. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था कोसळल्यावर त्यांना खूप काम मिळालं. यात मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळणाऱ्या बायकाही असतात, आणि त्यांच्यासाठी ती कंपनी म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट असते. म्हणजे गायब होणं हे प्रत्येक वेळी पाप नसतं गं.

एक दुर्मीळ प्रकार असतो ज्यात मेंदू स्वतःच ओळख पुसतो. १८८७ मध्ये अमेरिकेतला अॅन्सेल बोर्न नावाचा धर्मोपदेशक ऱ्होड आयलंडमधून नाहीसा झाला आणि दोन महिन्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउनमध्ये जागा झाला, तिथे तो ए. जे. ब्राउन नावाने छोटं दुकान चालवत होता आणि आपण इथे कसे आलो हे त्याला कळेना. पण अशी अवस्था सहसा काही तास, दिवस, फार तर महिने टिकते. तेवीस वर्षं, पाकीट नीट डिकीत ठेवून, तेही आद्याक्षर जपून, हे त्यात बसत नाही. दादा विसरला नसणार. त्याला तू आठवतेस, आणि हे वाचून तुला बरं वाटेल की त्रास होईल हे मला खरंच सांगता येत नाही.

आता एक गोष्ट लिहू का नको असं माझं दोन दिवस चाललंय, पण लिहिते, कारण ही तुला अचानक कळली तर जास्त लागेल. तुझ्या पत्रातलं बाबांचं वाक्य. मुलगा नदीत गेला असं वाटणारा बाप वर्षभरातच शोध बंद करा म्हणतो, विषयच बंद करतो. असं दुःखाने होऊ शकतं, कित्येक बाप असेच गप्प होतात. पण असंही होऊ शकतं की बाबांना काही कळलं होतं, एखादं पत्र आलं होतं, किंवा जायच्या आदल्या रात्री दोघांत काही झालं होतं. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन डार्विन नावाच्या माणसाची होडी समुद्रात सापडली, सगळ्यांनी त्याला मेलेला धरलं, आणि तो मात्र कितीतरी दिवस आपल्याच घराला लागून असलेल्या घरात लपून राहत होता, मधल्या भिंतीला कपाटामागून वाट काढलेली. बायकोला सगळं माहीत होतं, विम्याचे पैसे घेतले होते. दोन मुलगे पाच वर्षांहून जास्त काळ वडील गेले म्हणून रडत राहिले. २००७ मध्ये ते उघड झालं तेव्हा त्या मुलांना जास्त जिव्हारी काय लागलं असेल, वडील जिवंत होते हे की आईला माहीत होतं हे? तुझे बाबा तसे होते असं माझं म्हणणं नाही. तेव्हा तू १९ ची होतीस आणि घरातलं सगळं तुला दिसत नव्हतं, दाखवलं जात नव्हतं, एवढंच म्हणतेय. घर म्हणजे तुझ्यासाठी जे होतं तेच त्याच्यासाठीही होतं असं धरून चालू नकोस.

म्हणून दारात जायचं नाही. सज्ञान माणसाला निघून जायचा हक्क असतो. खोटे कागद, विमा, बुडवलेलं कर्ज हे गुन्हे, पण नुसतं निघून जाणं हा बहुतेक देशांत गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांना बेपत्ता सज्ञान माणूस सापडला आणि त्याने पत्ता सांगू नका म्हटलं तर ते घरच्यांना एवढंच सांगतात की तो सुखरूप आहे. साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था १८८५ पासून हरवलेल्या नातेवाइकांना शोधायचं काम करते, तेसुद्धा सापडलेल्या माणसाला आधी विचारतात आणि त्याने नाही म्हटलं तर पत्ता देत नाहीत. मला ही पद्धत फार माणुसकीची वाटते, आणि तू तीच वापर. मधला माणूस शोध. अशी संस्था, एखादा वकील, समुपदेशक, कोणीही ज्याचा या नात्यात स्वतःचा जीव अडकलेला नाही. नातेवाईक नको, तुमच्या घराला ओळखणारा जुना शेजारी तर अजिबात नको, तो उद्या चार ठिकाणी बोलेल. ग्रुपच्या अॅडमिनलाही काही विचारू नकोस, आणि 'यांना ओळखता का' म्हणून फोटो कुठे टाकलास तर तासाभरात तो त्याच्या मुलींच्या फोनवर असेल.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंड आणि जपानसारख्या बऱ्याच ठिकाणी सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मृत धरता येतो, जर्मनीत साधारणपणे दहा. बाबांच्या मागे वाटण्या करताना दादाला मृत दाखवलं असेल तर तो जिवंत आहे हे कळल्यावर पुढच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला विचार. पहिल्या पत्रात हे काढायचं नाही, नाहीतर त्याला वाटेल तू सहीसाठी शोधलंस.

आईचं. मला माहितीये तुला सगळ्यात जास्त हेच टोचतंय, ती ७६ ची आहे आणि दिवस हातातून जातायत. पण आत्ता सांगितलंस तर तू तिला काय देणार? एक फोटो आणि दुसरं आडनाव. तो भेटेल का, बोलेल का, मला विसरला का, याचं एकही उत्तर तुझ्याकडे नाही, आणि ती पुन्हा दाराशी बसेल, या वेळी खात्रीने. आधी तुझं पत्र जाऊ दे. स्वतःला मुदत घालून घे, दोन महिने म्हण. तो हो म्हणाला तर पुढे कसं ते दोघं मिळून ठरवा. नाही म्हणाला, किंवा उत्तरच आलं नाही, तरीसुद्धा आईला सांगायचं असं माझं मत आहे, नाव गाव न सांगता, तो जिवंत आहे आणि बरा आहे एवढं. इथे काही जण माझ्याशी भांडतील की म्हातारीला कशाला त्रास. माझ्या आज्जीला एवढं एक वाक्य मिळालं असतं तर तिने शेवटची दहा वर्षं घर सोडून मावशीकडे सुखाने काढली असती, असं मला अजून वाटतं. तेवढं सांगायचा हक्क तुला आहे, पत्ता सांगायचा नाही, तो दादाचा आहे. आणि हे दादालाही आधीच लिहून कळव, नंतर तुझ्यावर विश्वास मोडायला नको.

पत्र लहान ठेव. तेवीस वर्षांचा राग त्यात ओतू नकोस. राग तुझा खरा आहे, तो वेगळ्या वहीत लिही, मला पाठव हवा तर, मी वाचेन. तो कधीकाळी तुझ्या प्रोफाइलवर येऊन गेला असेल, बाबा गेलेले त्याला माहीतही असेल, किंवा काहीच माहीत नसेल, म्हणून बाबांचं सरळ लिही. बाबा कशाने गेले तेही लिही, हृदयाचं, साखरेचं, कॅन्सरचं जे काही असेल ते, कारण त्याच्या दोन मुलींच्या डॉक्टरांना हे कधीतरी लागेल आणि त्याच्याकडे ती माहिती यायला दुसरा रस्ताच नाही. साधारण असं:

'दादा, मी धाकटी. तुझा फोटो योगायोगाने दिसला. मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या घरी येणार नाही, फोन करणार नाही. हा माणूस तू नसशील तर माफ करा आणि हे पत्र फाडून टाका. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. आई आहे, चालती फिरती आहे. दोन महिन्यांनी मी तिला तू बरा आहेस एवढंच सांगणार आहे, कुठे आहेस ते नाही. तुला बोलायचं असेल तर खालच्या नंबरवर. नसेल तर त्याच नंबरवर नुसतं 'नको' पाठव, मी पुन्हा लिहिणार नाही. तू अजून पक्षी बघतोस हे पाहून मला रडू आलं.'

शेवटचं वाक्य तुला नको असेल तर काढ, मी असते तर ठेवलं असतं. मधल्या माणसाला सांग की पाकीट त्याच्या एकट्याच्या हातात पडेल असं बघा, घरच्या पत्त्यावर नको, बायको उघडेल. आणि नंबर नवा घे, जो फक्त यासाठीच असेल, म्हणजे रोजचा फोन वाजला की तुझ्या काळजात धस्स व्हायचं नाही.